वरच्या बांधीतली काळी माती

वडील गेले त्याला वर्ष झालं. खैरलांजीकडच्या आमच्या शेतात बांध घालून केलेल्या धानाच्या बाकीच्या बांध्या खोलगट; पाण्याबरोबर माती त्यांत आपोआप येऊन बसते. वरची बांधी मात्र चढावर. तिथे मुळात पिवळा मुरूमच. दर उन्हाळ्यात वडील बोडीतला, म्हणजे आमच्या छोट्या तळ्यातला, गाळ बैलबंडीने वर नेऊन टाकायचे. ओला गाळ न्यायचा नाही, हा त्यांचा नियम. बोडी आटू द्यायची, गाळाला भेगा पडू द्यायच्या, मग तो शेणखतात मिसळून पसरायचा. कापणीनंतरची धसकटं ते कुणाला जाळू देत नसत. असं करता करता अर्ध्या आयुष्यात तिथे वीतभर काळी माती झाली. मूठभर उचलली तर गांडूळ हाताला लागायचंच.

मी बालाघाटला शाळेत भूगोल शिकवतो. खडक उन्हाने तडकतो, पाण्याने झिजतो, मग त्यावर शेवाळ, गवत, कुजलेला पाला. बोटभर मातीला शेकडो वर्षं लागतात. हे मी दरवर्षी फळ्यावर चित्र काढून सांगतो. सर्वांत वरचा थर खडू दाबून गडद करतो.

तेरवीनंतर काही दिवसांनी धाकट्या भावाचा फोन आला.

"दादा, मशीन आली हाय. वरची बांधी खालच्यात मिळवून घेतो. ट्रॅक्टर फिरवाले बरं पडन."

मी पेपर तपासत होतो. "कर," म्हणालो. आधी काळी माती बाजूला काढून ठेव, सपाटी झाली की परत पसर, एवढंच सांगायचं होतं. सुचलं नाही.

रविवारी गेलो तर शेत पाटासारखं सपाट. वरची काळी माती मशीनने आधी खालच्या खोलगटात ढकलली होती आणि तिच्यावर हातभर मुरूम.

"माती कुठं गेली नाही दादा. आपल्याच शेतात हाय."

"खाली दबून हाय."

"मंग नांगरून वर काढू."

"एवढा खोल नांगर जाते काय?"

त्याने पायाने मुरूम उकरून पाहिला. "तुले सारं मालूम होतं. मंग फोनवर काहून नाही सांगतलं?"

वडिलांनी त्याला कामं सांगितली, कारणं सांगितली नाहीत. कारणं मला ठाऊक होती. पण गाळाची एक टोपली मी कधी उचलली नाही.

त्या पावसाळ्यात धान वीतभर वाढला आणि पिवळा पडला. भावाने युरिया टाकला. आठवडाभर हिरवा दिसला, पुन्हा पिवळा.

या उन्हाळ्यात दोघांनी मिळून गाळ टाकायचं ठरवलं. मी दर रविवारी बसने जातो. पण उन्हाळी धानासाठी कालव्याचं पाणी सुटलं, ते झिरपत राहिलं आणि बोडी आटलीच नाही. भाऊ काठी खुपसून पाहतो.

"ओलाच हाय. मशीननं काढू काय?"

"नको. ओल्याची ढेकळं होतात, दगडासारखी."

"हे तुह्या पुस्तकात हाय?"

"नाही. बाबा म्हणत."

त्याने काठी धुतली. "मले नाही सांगतलं कधी," म्हणाला.

आता ढग येऊ लागले आहेत. टोपल्या गोठ्यात तशाच पालथ्या पडल्या आहेत. यंदाचा धानही मुरमातच लागेल.