मळ्यातला वारा हॉलमध्ये

खुब्याचं हाड मोडून आई नाशिकला माझ्या फ्लॅटवर आली, तेव्हाच मी ठरवलं की हिला आता दिंडोरीला परत पाठवायचं नाही. बाबा गेल्यापासून तिनं एकटीनं द्राक्षाचा मळा सांभाळला होता. आता पुरे, दादा बघेल. पण आई धड जेवेना, बोलेना. खिडकीशी बसवली की समोरच्या इमारतीचे एसी बघत राहायची. "काय दुखतंय का?" विचारलं की "नाय." संपलं बोलणं. असा राग यायचा मला!

माझं काम हलती शिल्पं करण्याचं. हॉटेलांत, कंपन्यांच्या दारात टांगतात तसली. म्हटलं, जगासाठी करतेस, आईसाठी कर की. मळ्यात दादानं हवामान मोजायचा खांब बसवलाय. वारा किती, कुठून, सगळं मोबाइलवर कळतं. तेच आकडे मी घरी घेतले. हॉलच्या छताला बारीक मोटरी बसवल्या, त्यांना अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या टांगल्या, वेलींच्या ओळी असतात तशा. तिकडे वारा सुटला की इकडे पट्ट्या त्याच बाजूला कलायच्या. आधी मोटरींची घरघर फार व्हायची. त्या सगळ्या काढून नव्या लावल्या. मळाच घरात आणला की आईची ओढ कमी होईल, असा माझा शहाणपणा!

आई बघत बसायची. दुपारी पट्ट्या जोरात कलल्या की तिची नजर हलायची नाही. दोन घास जास्त जायला लागले. मी दादाला फोन करून सांगितलंसुद्धा, "रुळली रे ती इथं."

फळासाठीची गोडी छाटणी होऊन मळ्यात कोवळी फूट आली होती. एका सकाळी पट्ट्या एकदम थांबल्या. एकही हलेना.

"झालं! बोंबललं नेट!" मी वैतागून स्टुलावर चढले.

"हात नको लावू त्याला," आई म्हणाली. "वारा पडलाय. दादाला म्हणावं, आत्ताच फवारणी उरकून घे. मागून वारं सुटलं तर औषध नुसतं उडून जाईल."

कितीतरी दिवसांनी एवढं बोलली. मी आनंदानं स्टुलावरूनच फोन लावला. वारा पडलेला बघून दादा फवारणीला ट्रॅक्टरच काढत होता. फोन ठेवून बघते तर आई वॉकर धरून उभी. पदर खोचलेला, पायानं चपला चाचपतेय.

"कुठं निघालीस?"

"कुठं म्हंजे? घरी."

"वेड लागलंय का तुला? तिथं पडलीस, मेलीस तर?"

"मरंन की," ती शांतपणे म्हणाली. "हितं काय येगळं चाललंय माझं?"

मी छताच्या थांबलेल्या पट्ट्यांकडे एकदा बघितलं. खाली उतरले, वाकून तिच्या पायात चपला घातल्या. त्याच सकाळी तिला दिंडोरीला सोडून आले. येताना गाडी रस्त्याकडेला लावून खूप रडले. तिला मळा सुटत नव्हता, आणि मला ती.