सात माणसं, तीन उंट

वयाच्या एकविसाव्या वर्षी मी एक वाळवंट रंगवलं आणि त्यात सात माणसं व तीन उंट गमावले.

दोष बाबांचा. मला पाहायला येणाऱ्या मंडळींना त्यांनी पत्रातून कळवून टाकलं, ‘कन्या चित्रे उत्तम काढते.’ (कन्येनं तोवर फक्त दारातली रांगोळी काढली होती, आणि तिचेही ठिपके चुकायचे!) त्या काळी मुलीसोबत तिच्या हातच्या वस्तूही पाहुण्यांसमोर मांडत. नात म्हणते, “एक्झिबिशनच न मग, आजी!” त्याआधी दोन स्थळं नकार देऊन गेलेली. तेव्हा महिनाभरात कन्येनं उत्तम होणं भाग होतं.

रामदासपेठेत एक बाई चित्रकला शिकवत. नवशिक्यांना त्या एकच चित्र देत : वाळवंट, मागे डोंगर, पायथ्याशी काफिला. झाड नाही, पाणी नाही, चुकायला जागाच नाही, असं त्यांचं मत. मी जागा शोधून काढली. वाळवंट सोपं गेलं. मे महिन्यात नागपुरात खिडकी उघडली की समोर तेच! पण माणसं!

“हा कोण वं, डोंगरावर बसला?” बाईंनी विचारलं.

“बसला नाही, बाई. खालून चालून राहिला.”

“मग डोंगर काहून त्याच्या गुडघ्याएवढा? माणसं बारीक काढ. माणसं जितकी बारीक, डोंगर तितका मोठा!”

मग मी इतकी बारीक काढली, की डोंगराचा हिमालय झाला. टिंब म्हणजे डोकं, काडी म्हणजे अंग. उंटाला दोन टिंबं जास्त. बाबांनी भिंग लावून मोजले. “सात माणसं, तीन उंट! वा!”

पाहुण्यांच्या दिवशी चित्र बैठकीत टांगलं. सीताबर्डीच्या फ्रेमवाल्यानं काच बसवलीच नव्हती. मी साडी नेसून स्वयंपाकघरात आले, तर आई एकदम खुशीत.

“त्या चित्रावर माश्यांनी केवढी घाण केली होती वं! पदर ओला करून घासून काढली.”

“आई! तो माझा काफिला होता!”

“तो? मंग आधी सांगाचं नाही का!”

तेवढ्यात पाहुणे दारात! पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर गेले, तर बाबा चित्राकडे पाठ करून, अंगठ्यानं मागे दाखवत सांगत होते, “सात माणसं, तीन उंट. मोजून घ्या!”

मुलाच्या आईनं चष्मा लावला. काढून पुसला. पुन्हा लावला. काफिल्याच्या जागी नुसता तांबूस फराटा!

“मले तं एकबी उंट दिसून नाही राहिला, भाऊ.”

बाबा वळले, आणि वळलेलेच राहिले. तिसरंही स्थळ गेलं, हे मला स्पष्ट दिसलं. गेलंच आहे, तर आता कशाला भ्यायचं?

“वावटळ आली न, मावशी,” मी म्हटलं. “सगळे डोंगरामागं जाऊन बसले.”

मुलाला पोह्यांचा ठसका लागला. पाणी पिऊन तो म्हणाला, “वावटळ थांबली की येतीन न परत?”

“माणसं येतीन. उंटांचं काही सांगता येत नाही.”

त्याला दुसरा ठसका लागला. बाबांनी डोळे मिटून घेतले.

आठ दिवसांनी मुलाच्या वडिलांचं पत्र आलं. बाबांनी ते उभ्या उभ्याच मोठ्यानं वाचलं, ‘मुलगी पसंत आहे. मात्र सासरी येताना सोबत ते चित्र आणू नये.’