पंधरा कमानी

अगं, जवळ ये जरा. दर रविवारी फोनवर मला तुझं नुसतं कपाळ दिसतं, आणि मागे पळणारी तुमच्या गावची, बॉथेलची झाडं. ड्राइव्ह करताना मावशीशी बोलू नये, किती वेळा सांगितलं. म्हणून आज लिहितेय. हे तरी बूड टेकून वाच.

बऱ्हाणपूर आठवतं का तुला? सात वर्षांची होतीस, मी नेलं होतं. माझं आणि तुझ्या आईचं माहेर, तापीच्या काठचं. फारुकी सुलतानांनी वसवलेलं, मग मोगल आले. ज्या बेगमेसाठी ताजमहाल बांधला ती गेली आमच्याच गावात. आधी तिला नदीपलीकडे पुरलं, मग उचलून आग्र्याला नेलं. आमच्या गावातून माणसं नेतातच. मला लेकाने इथे अमेरिकेत, सनीव्हेलला आणलं.

जामा मशीद आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. दगडी, दोन उंच मिनार, आणि अंगणाच्या बाजूला ओळीने पंधरा कमानी. आत भिंतीवर अरबीबरोबर संस्कृत लेखही कोरलाय, तिथी-नक्षत्रासकट. माझे वडील शाळेत संस्कृत शिकवायचे. घरी पाहुणा आला की चहा झाल्या झाल्या त्याला तो लेख वाचून दाखवायला न्यायचे, त्याची इच्छा असो नसो. तिथे बांग देणारे चाचा हसायचे, "मास्टरसाब, हमारी मस्जिद का मुहूरत तो आपके पंचांग ने निकाला."

वडील म्हणायचे, "तभी तो टिकी है, मियाँ."

चाचांची मुलगी माझी मैत्रीण. मोठी माणसं बोलत बसली की आम्ही अंगणात कमानी मोजायचो. मी डावीकडून, ती उजवीकडून, कारण तिच्या पाटीवरची अक्षरं तिकडूनच सुरू व्हायची. मधल्या, आठव्या कमानीत गाठ पडायची. आधी पोचेल तिने दुसरीला म्हणायचं, "कुठे राहिलीस गं म्हातारे?"

खरंच म्हाताऱ्या झालो, तरी दर शुक्रवारी फोन व्हायचा आणि डोळे मिटून दोघी दोन टोकांनी निघायचो, कुठल्या कमानीत काय होतं ते सांगत. पहिलीत वडिलांची टेकवलेली छत्री, दुसरीत कबुतरं, तिसरीत तो दगड ज्यावर माझं कपाळ फुटलं. तिच्या बाजूच्या कमानी तिच्याकडे, माझ्या माझ्याकडे. कुणी अडलं की दुसरी सांगायची.

गेल्या वर्षी ती गेली. तिच्या सुनेने कळवलं. मला जाता आलं नाही, डॉक्टर विमानात बसू देत नाहीत.

त्यानंतर माझं विसरणं वाढलं. दुधाखालचा गॅस राहिला, एकदा नातीला तुझ्याच नावाने हाक मारली. तपासायला नेलं तर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, महिना कुठला? येईना. म्हटलं, थांबा, कमानी मोजून दाखवते. त्यांना वाटलं भलतंच काही बरळतेय. सहावीपर्यंत गेले आणि पुढे काहीच दिसेना.

घरी आल्यावर लेक म्हणाला, "आई, अगं फोटो आहे ना फोनमध्ये. बघ." बघितला. पंधराच्या पंधरा आहेत. पण सातवीत काय होतं ते त्यात नाही. ते तिला ठाऊक होतं. मी सहावीत उभी राहून समोर बघते, तिकडून कुणीच येत नाही.

गेल्या आठवड्यात पाचवीलाच थांबले.

इथे त्या अंगणात उभी राहिलेली तू एकटीच आहेस. तुझं बोट धरून माझ्या मैत्रिणीने तुला तिच्या बाजूने मोजायला लावलं होतं. तू कंटाळून रडलीस, तेव्हा तिने तुला मावा जिलेबी दिली. तेवढं तरी आठवत असेल.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला येते म्हणालीस आणि कॅन्सल केलंस. रागावले नाही मी. पण लेक आता माझ्या खोलीच्या दारावर माझंच नाव लिहून चिकटवणार आहे म्हणे. त्याआधी ये. माझ्याजवळ बस आणि उजवीकडून सुरू कर. चुकलीस तरी मला कुठे कळणार आहे. मी पाचवीत थांबलेय. लवकर ये गं.