डोकं नसलेली सुंगटं

ऑपरेशननंतर आईला मी वेंगुर्ल्याहून म्हैसूरला आणलं, तेव्हा अन्नावरची तिची वासनाच उडाली होती. डॉक्टर म्हणाले, अंडी, मासे, काहीही द्या, पण प्रथिनं पोटात जाऊ द्या. आई अंड्याकडे बघेना. मग एक दिवस आपणहून म्हणाली, "सुंगटांची कढी कर गो, थोडी खाईन." आमच्याकडे कोळंबीला सुंगटं म्हणतात. मला आभाळ ठेंगणं झालं.

म्हैसुरातल्या हेब्बाळ भागातल्या ऑफिसातून परतताना वाटेवर एक चकाचक मासळीचं दुकान लागतं. काचेमागे सोललेली, पांढरीशुभ्र, टपोरी कोळंबी होती. "तुंबा फ्रेश, मॅडम," दुकानदार कन्नडमध्ये म्हणाला, अगदी ताजी आहे. गावच्या बाजारात आई आधी कोळंबीचं डोकं चिमटीत धरून ओढायची. सैल लागलं की शिळी म्हणून टोपली पुढे ढकलून कोळणीशी भांडायची. इथे डोकीच नव्हती. विचारलं तर हसून म्हणाला, "तले यारिगू बेडा, मॅडम." डोकी कुणालाच नको असतात म्हणे! मी बोटानं दाबून पाहिली, कडक लागली. वासही नव्हता. आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना वाटतं, मासा आपल्याला फसवणार नाही. घेतली.

टोपात पडताच तिला पाणी सुटलं, पांढरा फेस आला, आणि टपोऱ्या कोळंबीची इवलीशी वेटोळी झाली. मी फेस काढला, कोकमाची दोन सोलं जास्त टाकली. आईनं वाटीभर खाल्लं. मी समोर बसून तिचा एकेक घास बघत होते.

दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. इस्पितळात सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, कोळंबी शिळी असणार. आई डोळे मिटूनच पुटपुटली, "माका पयल्याच घासाक कळला."

"मगे खाल्लंस कित्याक?" मी ओरडलेच.

"तू समोर बसान बघी होतंस गो."

तिथून मी तडक दुकान गाठलं. काउंटरमागे निळ्या टबात दुधाळ पाण्यात कोळंबी भिजत होती, शेजारी पावडरीची पिशवी. "एल्लारू हाकतारे, मॅडम," दुकानदार शांतपणे म्हणाला. सगळेच टाकतात! शिळेपणाची खूण डोक्यासकट कचऱ्यात टाकायची, मेलेल्या मांसाला पावडरीचं पाणी पाजून टपोरं करायचं, आणि आजारी माणसाच्या ताटात पोचवायचं. मी कन्नडमध्ये येतील तेवढ्या शिव्या दिल्या. माझ्या मागचा गृहस्थ मी बाजूला होण्याची वाट बघत होता. मी बाजूला झाले, तसा त्यानं अर्धा किलो मागितली, "अर्ध केजी कोडी." आणि त्याच टबातली कोळंबी पिशवीत भरली गेली.

आई सावरली, पण सुंगटांचं नाव काढत नाही. गावाहून येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर मागवते म्हटलं, तरी मान हलवते. एकच गोष्ट तिला हवीशी वाटली होती, तीही त्या दुकानदारानं काढून घेतली. आता तिला पेज वाढली की मी तिच्यासमोर बसत नाही. आत ओट्याशी उभी राहते, त्याला मनात शिव्या घालते, आणि आई खरंच भुकेनं खाते आहे का, हे तिच्या चमच्याच्या आवाजावरून ओळखू बघते.