वॉर्डातली दिवेलागण

त्या वर्षी मी देवाशी अबोला धरला होता. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. मी डोंबिवलीच्या एका शाळेत मास्तर होतो आणि माझी पत्नी ठाण्याच्या इस्पितळात, बायकांच्या वॉर्डात पडून होती. लहानपणीच्या सांध्यांच्या तापाने तिचं काळीज आतून खराब झालं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की आता औषध फक्त त्रास कमी करण्यापुरतं. मी घरी आलो आणि देवघरातल्या दत्ताच्या तसबिरीपुढे उभा राहून तोंडाला येईल ते बोललो. आम्हांला मूलबाळ नव्हतं, त्याबद्दल मी कधी तक्रार केली नव्हती. पण आता हीसुद्धा न्यायची असेल तर तुझं माझं काही राहिलं नाही, असं म्हणून मी देवघराची दारं लोटून घेतली.

तिला मरणाची भीती नव्हती. तिला काळजी होती दिवेलागणीची. लग्न होऊन आल्यापासून, बाजूला बसण्याचे दिवस सोडले तर, तिन्हीसांजेला देवापुढे निरांजन तिनेच लावलेलं. आमच्या घरी वीज नव्हती. आधी निरांजन, मग कंदील, असा तिचा क्रम. उशीर झाला आणि मी कंदिलाला हात लावला तर ती रागवायची. आता इस्पितळात अंधारून आलं की तिचा जीव घाबरा व्हायचा. मला म्हणायची, "अहो, दिवा न लावताच जाईन बहुतेक मी." एके दिवशी मी पिशवीतून पणती आणि वात नेली, तर सिस्टरने ती काढून घेतली. वॉर्डात ऑक्सिजनची नळकांडी होती, ज्योत चालण्यासारखी नव्हती. सिस्टरचं चुकलं नव्हतं, पण मला संताप आला. एवढंसं तेल आणि वात, तेही तुला बघवत नाही का रे, असं मी मनातल्या मनात देवाला विचारलं. अबोला असला तरी भांडण चालूच होतं.

पुढे दोन-तीन दिवसांनी शाळा सुटल्यावर गेलो, तर हिची कॉट जागेवर नाही. पाहतो तो कॉट दाराजवळच्या भिंतीला आणून लावलेली, आणि तिच्याशेजारी सिस्टरांचं टेबलसुद्धा. एरवी खिडकीपाशी असलेलं टेबल कोणी हलवलं, म्हणून मी विचारलं. तेव्हा कळलं, की सिस्टरांच्या ध्यानात आलं होतं, या बाईंची नाडी रोज संध्याकाळी एका ठरावीक वेळेला सुसाट पळते. त्यांनी ते मेट्रनबाईंच्या कानावर घातलं. मेट्रनबाई म्हणजे वसईकडच्या ख्रिस्ती, पिकल्या केसांच्या, करड्या आवाजाच्या. त्या आल्या की वॉर्डबॉय विडी विझवून उभे राहायचे. त्या स्वतः स्टूल घेऊन हिच्याजवळ बसल्या आणि नाडी का पळते ते हिच्याकडूनच काढून घेतलं. वॉर्डातल्या दिव्यांचं काळं गोल बटण दाराजवळच्या भिंतीवर होतं. कॉट तिथे हलवायचा हुकूम झाला. एका सिस्टरने शंका काढली, की एवढा आजारी पेशंट टेबलापासून लांब कसा ठेवायचा. मेट्रनबाई म्हणाल्या, "मग टेबलही हलवा."

त्या दिवसापासून वॉर्डातला दिवा ही लावू लागली. संध्याकाळच्या औषधाची फेरी थोडी मागे सरकली. ड्युटी बदलताना एक सिस्टर दुसरीला ताप, औषधं, इंजेक्शनं सांगायची आणि शेवटी म्हणायची, "दिवा काकू लावतील." नवी मुलगी असली तरी बटणाला हात लावत नसे. शेजारच्या कॉटवर माजिवड्याची एक आगरी म्हातारी होती. ती हाक मारायची, "वयनी, लाव गो दिवा, कालोख परला!" ही बटण दाबायची, सगळा वॉर्ड उजळायचा, आणि कॉटाकॉटांवरून हात जोडले जायचे. मी तिची चेष्टा केली, "दिवा सरकारचा, पुण्य मात्र तुझं!" ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. म्हणाली, "उजेड पडला ना? मग झालं."

पुढे पुढे तिचा हात बटणापर्यंत पोचेना. मग एखादी सिस्टर कोपराखाली हात धरून तो वर उचलायची. दाबायचं मात्र तिनेच. माझ्या मनात पुन्हा आशा पालवली होती. घरी जाऊन मी देवघराची दारंही उघडली. म्हटलं, इतकं केलंस, आता तिला घरी येऊ दे.

ती घरी आली नाही. शाळेत निरोप आला तसा निघालो, पण पोचेपर्यंत दिवस मावळत आला होता. इस्पितळाच्या सगळ्या खिडक्यांत दिवे लागलेले, एक बायकांचा वॉर्ड तेवढा अंधारात. वाटलं, वीज गेली असेल. दारात मेट्रनबाई उभ्या होत्या. त्यांच्यामागे औषधांचे ट्रे हातात धरून सिस्टर उभ्या. हिच्या कॉटभोवती पडदा होता.

"मास्तर, काकू गेल्या," मेट्रनबाई म्हणाल्या. "शांतपणे गेल्या. आम्ही दोघीतिघी जवळ होतो."

मग त्या म्हणाल्या, "दिवा लागायचाय अजून. तुमच्यासाठी थांबलोय."

पडद्याआड गेलो. तिचे केस कोणीतरी नीट विंचरले होते, कुंकू रेखलं होतं. बटण समोर होतं आणि माझा हात काही केल्या उठेना. तेव्हा मेट्रनबाईंनी माझ्या कोपराखाली हात धरला आणि तो वर उचलला. मी बटण दाबलं. पलीकडे माजिवड्याची म्हातारी हुंदके देत होती. मेट्रनबाईंनी गळ्यातला क्रूस मुठीत धरला होता, आणि डोळे मिटले होते.

मी देवाकडे तिचं आयुष्य मागितलं होतं, ते त्याने दिलं नाही. का दिलं नाही, हे मला आजही समजत नाही, आणि आठवलं की अजून रडू येतं. पण ती दिवा लावल्यावाचून गेली नाही, आणि ती गेली त्या संध्याकाळीही तिचा दिवा चुकला नाही. हे मी मागितलंच नव्हतं. त्या बायांना कोणी सांगितलं होतं म्हणावं? मी त्यावर वाद घालत नाही. मनोभावे नमस्कार करतो.

आता आमच्या घरी वीज आली आहे. तरी तिन्हीसांजेला आधी निरांजन लावतो. काही मागत नाही. काही संध्याकाळी हात जड होतो, उठत नाही. मग मी घाई करत नाही. जरा वेळाने कोपराखाली कोणीतरी धरल्यासारखं वाटतं, आणि दिवा लागतो.