बॅटरीवाले चाचा आणि मोगऱ्याची दवाई

जगातला कुठलाही माणूस दुसऱ्याच्या घरी गेला की आधी घरातल्या माणसांची विचारपूस करतो. आमचे बॅटरीवाले चाचा आधी कुंडीची करतात. कुंडी नसेल तर त्यांचा त्या घरात जीव रमत नाही आणि असेल तर चहा गार होईपर्यंत ते कुंडीजवळून हलत नाहीत. आर्णीत माझ्या वह्या-पुस्तकांच्या दुकानाला लागून त्यांचं बॅटरीचं दुकान आहे. ॲसिड, डिस्टिल्ड वॉटर आणि जुन्या ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या यांत त्यांची हयात गेली. पण दुकानात येणाऱ्या दहा गिऱ्हाइकांपैकी निम्म्यांच्या हातात बॅटरी नसतेच. शर्टाच्या खिशातून कोणी लिंबाचं पान काढतो, कोणी गुलाबाचं. चाचा चष्मा कपाळावर चढवतात, पान उलटं करतात, उजेडाकडे धरतात आणि निकाल देतात. तोवर ज्याची मोटरसायकल खरोखरच बंद पडली आहे तो बिचारा ती ढकलत दुसरीकडे निघून गेलेला असतो.

त्यांच्या घरामागे एक बिनखिडकीची खोली आहे. आमच्याकडच्या मे महिन्यात अंगणातली कोथिंबीर वेगळी शिजवावी लागत नाही, म्हणून चाचांनी या खोलीत फळ्या ठोकून पुदिना, मिरची, टमाटे आणि एक हट्टी लिंबू असा संसार मांडला. वर झाडांना मानवणारे जांभळे दिवे लावले. झरोक्यातून जांभळा उजेड गल्लीत पडायला लागला आणि चाचा आत गांजा लावून राह्यले अशी कुजबुज मोहल्लाभर झाली. एका सकाळी हवालदार आले. "पुदिना हाय साहेब," चाचा हात जोडून म्हणाले, "अन् तोबी बिमार हाय." मग त्यांनी हवालदारांना स्वतःचा चष्मा लावायला दिला आणि प्रत्येक पानाची कुळकथा सांगायला घेतली. शेवटी "आता मी निघू काय?" असं हवालदारांनीच विचारलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले तेव्हा मोहल्ला दारात जमला, पण त्यांच्या हातात बेड्या नव्हत्या, बायकोचा सुकलेला मनीप्लांट होता.

चाचांचं शास्त्र एकदा त्यांच्या तोंडून ऐकलं की माणूस ते विसरत नाही. "हे पाहा भाऊ, खालचं जुनं पान पिवळं पडलं तं समजा घरात धान्य कमी हाय. म्हातारे सोता उपाशी राहून लेकराले भरवून राह्यले. हा नायट्रोजनचा मामला. पन शेंड्याचं नवं पान पिवळं, अन् त्याच्या शिरा हिरव्या, तं मामला दुसरा. तिथं लोहा पोचून नाही राह्यला. लोहा मातीत हाय, पन कोठीले कुलूप हाय. पानी खारं झालं की कुलूप लागते. मंग तुम्ही वरून कितीबी खत घाला, झाड उपाशीच." हे आंबट-खारं मोजायला त्यांच्या खिशात पीएच पेपरच्या पट्ट्या कायम असतात. सातच्या खाली आंबट, सातच्या वर खारं आणि झाडाला सहा-साडेसहा पाहिजे, एवढं तर आता आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. चाचा पट्टी कशातही बुडवतात. माझ्या मेहुण्याच्या लग्नात त्यांनी ती पंगतीतल्या कढीत बुडवली आणि वाढप्याला म्हणाले, "मस्त हाय, पन मिरचीच्या झाडाले देऊ नको." एका घरी सांत्वनाला गेलो असताना ते मान खाली घालून इतका वेळ बसले की त्या घरच्या बायकांना पुन्हा हुंदके फुटले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "तुळशीची खालची पानं पाह्यली काय?"

एक मात्र आहे. चाचांचं निदान चुकलं तरी चाचा चुकत नाहीत. तहसीलजवळच्या एका वकिलांच्या क्रोटनला त्यांनी पिवळे पट्टे पाहून लोहा सुरू केला. वकीलसाहेब इमानाने घालत राहिले. पुढे नर्सरीवाल्याने सांगितलं की हे झाड जन्मतःच पट्ट्यापट्ट्याचं असतं. चाचांना हे कळवलं तर ते म्हणाले, "मंग त्याच्या खानदानातच कमी असन."

अशा माणसाच्या हाती माझ्या बायकोने तिच्या आईचा मोगरा दिला, यावरून तिची काय अवस्था झाली होती ते समजा. सासूबाई घाटंजीकडच्या खेड्यात राहायच्या. त्या गेल्या, मग हिच्या भावांनी अंगणात फरशी घातली, तेव्हा मोगरा उपटला गेला. हिने त्याची एक मुळं धरलेली फांदी तेलाच्या डब्यात लावून आणली. आईची साडी नाही, भांडं नाही, काही नाही. आलं ते एवढंच. वर्षभर तो बरा होता, मग शेंडा पिवळा पडू लागला. हिरव्या शिरा, पिवळी पानं. ही रोज सकाळी त्याच्यापुढे बसायची आणि उठताना डोळे पुसायची. मी चाचांना बोलावलं. त्यांनी डब्याखाली निथळलेल्या पाण्यात पट्टी बुडवली, पट्टी गर्द हिरवी झाली, म्हणजे आठ, आणि डबा उचलून ते चालू लागले. "भरती करा लागते," एवढंच म्हणाले.

जांभळ्या दिव्याखाली मोगऱ्याचे उपचार सुरू झाले. चाचा पाण्यात चिमूटभर लिंबूसत घालत, पट्टी साडेसहावर आणत आणि खुशीत झोपत. आठवडा झाला की पट्टी पुन्हा आठवर. त्यांनी आधी पट्ट्यांवर संशय घेतला आणि नवं पाकीट आणलं. मग नळाच्या पाण्यावर घेतला आणि दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर आणलं. शेवटी चाचींवर घेतला. "तू कपड्याचं साबन तिकडं उडवतं," म्हणाले. चाची म्हणाल्या, "मी त्या खोलीत पायबी नाही ठेवत. तिथं गेलं की मानूस वांग्यासारखं दिसते." दोघांचा तीन-चार दिवस अबोला होता. या सगळ्या काळात माझी बायको दर शुक्रवारी बाजार करून मोगऱ्याला भेटून यायची.

मग एकाएकी मोगरा सुधारला. शेंडे हिरवे झाले, कळ्या धरल्या. ही आनंदाने डबा आणायला गेली तर चाचा म्हणाले, "आजून सुट्टी नाही." पुढच्या शुक्रवारी तेच. त्याच्या पुढच्याही. पहिलं फूल उमललं तेही चाचांच्या खोलीत. हिचं डोकं फिरलं. "माह्या मायचं झाड, अन् मीच दर खेपेले हात हालवत परत येऊ? चाचाची नियत फिरली. आज मोगरा घेऊनच या, नाही तं मले तोंड दाखवू नका." दुपारच्या वेळी मी चाचांच्या दुकानात गेलो आणि जरा कडक आवाजातच विचारलं.

चाचांनी हातातला पाना खाली ठेवला. "भाऊ, मी फळीमागं बसून दिव्याची तार जोडून राह्यलो होतो. बेटी मोगऱ्याले भेटाले आली. तिले मी दिसलो नाही. तिनं पदराची गाठ सोडली, त्यात चुलीतली राखड होती. मोगऱ्याच्या बुडाशी टाकली, वरून माती थोपटली, अन् बोलत बसली त्याच्यासंगं. 'माय' म्हने त्याले. मी तसाच उकिडवा बसून राह्यलो. गुडघे गेले माहे, पन उठतो कसा?"

माझ्या डोक्यात उजेड पडला. आंघोळीच्या पाण्याची चूल आमच्या अंगणात पेटते आणि सासूबाई गावी मोगऱ्याला मूठभर राख घालायच्या, हे मी हिच्याकडून कितीदा तरी ऐकलं होतं. राखेने माती खारी होते. चाचा लिंबूसत घालत होते, ही राख घालत होती आणि दोघांच्या मायेत तो मोगरा पिवळा पडत होता.

"मंग आता सुधारला कसा?"

"बेटी गेली की मी त्याच सांजी जरा जास्त लिंबूसत देतो. तुमच्या घरी कोन देईन? म्हनून सुट्टी नाही."

"अहो चाचा, पण तिला सांगून टाकायचं की. चोर ठरलात तुम्ही आमच्या घरात."

चाचा बॅटरीच्या टोकांवरचा गंज खरवडू लागले. "काय सांगू? तुही माय चुकत होती म्हनून? गावात तिचं बरोबरच होतं. मोकळी जमीन, पावसात सारं धुऊन जाते. डब्यात नाही जमत, त्याले माय काय करन?" मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "भाऊ, माही अम्मी मी रांगत होतो तवाच गेली. ती झाडाले काय टाके, मले कोनी सांगतलं नाही. बेटीले मालूम हाय. टाकू द्या तिले."

त्यांनी लिंबूसताची पुडी माझ्या खिशात घातली, किती आणि कधी ते दोनदा म्हणवून घेतलं आणि मोगऱ्याला सुट्टी दिली.

आता ही शुक्रवारी राख घालते आणि ती स्वयंपाकात गुंतली की मी लिंबूसताचं पाणी घालतो. परवा चाचा आले, तेव्हा मोगरा फुलांनी पांढरा झाला होता. हिने रागबीग विसरून ओंजळभर फुलं त्यांच्यापुढे धरली आणि म्हणाली, "पाह्यलं चाचा? तुमच्या दवाईनं नाही, माह्या मायच्या राखडीनं धरलं झाडानं." मी चाचांकडे पाहिलं. आपल्या निदानापुढे वकिलालाही न जुमानणारा हा माणूस. त्यांनी ओंजळीत नाक घातलं, बराच वेळ बाहेर काढलं नाही आणि मग म्हणाले, "बरोबर हाय बेटी. मायची दवाई हाय."

जाताना त्यांनी एकच फूल मागून घेतलं आणि ते पट्ट्यांच्या खिशात न ठेवता मुठीत धरून ते घराकडे चालत गेले.