शालीखाली धरलेली दोन बोटं

देवगाव फाट्याजवळच्या शाळेत मी विज्ञान शिकवतो. गावात कुणाच्या अंगात आलं की लोक समजूत घालायला मलाच बोलावतात. म्हणजे हे मी लिहावं, हाच मोठा विनोद... पण हसायचंही त्राण राहिलेलं नाही.

अप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, कावीळ झाली. तपासणीत स्वादुपिंडाजवळ, पित्तनळीच्या तोंडाशी गाठ निघाली. परभणीच्या सर्जननी चित्र काढून दोन मार्ग सांगितले. पहिला – मोठं ऑपरेशन. स्वादुपिंडाचा भाग, आतड्याचा तुकडा, पित्ताशय, सगळं काढायचं. गाठ मुळासकट जाण्याची आशा जास्त, पण सत्तरीच्या शरीराला झेपेल का, सांगता येत नाही. दुसरा – फक्त गाठ काढायची. लवकर उठतील, पण ती पुन्हा येऊ शकते.

आठ दिवस रिपोर्टची फाईल घेऊन चार डॉक्टर फिरलो. दोघं हे म्हणाले, दोघं ते. अप्पांना विचारलं तर, "मला काय कळायलंय त्यातलं? तूच ठरिव." जन्मभर बैलांचे सौदे केलेला माणूस, आणि स्वतःच्या जिवाचा सौदा माझ्या गळ्यात! रागच आला मला.

कावीळ उतरावी म्हणून पित्तनळीत नळी टाकली, त्या दुपारी अप्पा गुंगीत होते. संध्याकाळपर्यंत निर्णय द्यायचा होता. हात गार पडलाय का बघायला मी उजवीकडून शालीखाली हात घातला... तर कुणीतरी माझी दोन बोटं घट्ट दाबली. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली असाच भाव करतात, तोंडानं न बोलता. दोन. म्हणजे दुसरा मार्ग!

पण ती पकड पाची बोटांची होती. अप्पांच्या उजव्या हाताची दोन बोटं कधीच कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलीत. हात ओढून शाल उचलली. तीन बोटांचा हात निपचित पडला होता.

मी दुसऱ्या मार्गावर सही केली. खरं सांगतो, भीतीपेक्षा सुटल्यासारखंच जास्त वाटलं.

ऑपरेशन नीट झालं. अप्पा घरी येऊन भाकरी कुस्करून खायला लागले, तेव्हा त्यांना सांगितलं. हातातला घास ताटात ठेवून ते म्हणाले,

"म्या न्हाई धरली. पर तू परत काय दाबलंस?"

"काही नाही. हात काढून घेतला."

"येड्या, समोरच्यानं बोटं धरली तर ती त्याची मागणी असती. पटली न्हाई तर आपण वाढवून मागायचं असतंय."

मागणी कुणाची, आणि दोन म्हणजे दोन काय – महिने, वर्षं? मला अजून उमगलेलं नाही. पुढची तपासणी तोंडावर आलीय, आणि माझं वाढवून मागायचं राहून गेलंय.